मडमेच्या वाकड्या कुरडया

अकोल्यात कापसाच्या बियाण्याची एक परदेशी कंपनी आली, तेव्हा बाहेरून येणाऱ्या साहेबांची बडदास्त ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजी बोलताना मान जरा जास्तच ताठ करायची. नात तेव्हाचा फोटो पाहून म्हणते, "आजी, तू तर साहेबाचीही साहेब दिसतेस!"

पहिला साहेब बायकोला घेऊन तीन वर्षांसाठी आला. तो टिकला तरच माझी नोकरी पक्की, असं मला वरून बजावलेलं. मग काय! बंगला, कूलर, स्वयंपाकी, सगळं केलं. फाटकावर चौकीदार बसवला. "शेजारपाजारच्या कोणालाही आत सोडायचं नाही!" आपल्याकडे माणसं न विचारता थेट ओट्यापर्यंत येतात; मडमेला कसं चालेल? तिला विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? मला सगळंच कळत होतं ना!

एप्रिलात साहेब म्हणाले, "बायको रडते. इथे तिला कोणीच नाही. आम्ही परत जाऊ म्हणतो."

दुसऱ्या सकाळी मी बंगल्यावर धावले. घर रिकामं, कूलर भिंतींना वारा घालतोय.

"बाई कुठे आहेत?"

चौकीदारानं वर बोट केलं. मी आधी आभाळाकडेच पाहिलं. मग कळलं, बोट शेजारच्या गच्चीकडे होतं.

वर गेले तर मडम मांडी घालून बसलेली, कोपरापर्यंत गव्हाचा चीक, सोऱ्या दाबून कुरडया घालत होती. एक धड गोल नाही. शेजारच्या काकू कडाडल्या, "काहून वो बाई, पोरीले कोंडून ठेवली होती काय? रोज कुंपणापाशी उभी राहे. आज म्या हात केला, त धावतच आली."

"चौकीदारानं अडवलं नाही?"

"त्याले बी वाटीभर चीक देला!"

मी चाचरत मडमेला विचारलं, "मग... परत कधी निघणार?"

तिनं कुरडयांकडे बोट दाखवलं. "या वाळल्यावर बघू."

काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तिले सांगा, मंग पापड हायेत, सरगुंडे हायेत, लोणचं हाये. इतक्यात कुठी चालली?"

त्याचं इंग्रजी करताना मी एकही पदार्थ गाळला नाही, उलट शेवया पदरच्या घातल्या. मडम खळखळून हसली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि साखर घालून वाटीभर गरम चीक खाल्ला. साहेबांनी परतीचा विषय पुन्हा काढला नाही.