आईने मॅडमना विचारलेला प्रश्न

कम्युनिटीतल्या मित्रमैत्रिणींनो, सायबर कॅफेतून घाईत लिहितेय, पण हे आजच सांगायचंय.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमच्या हाताखाली संशोधन करायची संधी मिळालीय. बाबांनी मात्र माझ्यासाठी शाळेतली नोकरी ठरवून ठेवलीय. म्हणून आज आई विंचूरहून स्वतः बघायला आली. ती व्यापाऱ्याकडे कांदा निवडायला जाते.

"ही इथं करणार काय, म्याडम?" तिने थेट विचारलं.

मॅडमनी हातातलं काम थांबवून तिला स्टूल दिलं आणि सावकाश सांगितलं. पेशीतल्या डीएनएला उन्हाने, रसायनांनी रोज इजा होते. पेशी ती दुरुस्त करते. तेव्हा आरएनए नावाच्या रेणूवरच्या बारीक रासायनिक खुणा बदलतात का, त्यांची दुरुस्तीला मदत होते का, हे मॅडम शोधताहेत.

आई म्हणाली, "आमच्या कांद्याचं पन तसंच हाय. जरासा लागलेला सोलून ठेवतो, लय खराब झालेला फेकतो. पण तिथं आमी बसलेलो असतो. पेशीत कोण ठरवतं, नीट करायचा का फेकायचा?"

मी लाजले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"ताई, कित्येक वर्षं मी हेच शोधतेय. पूर्ण उत्तर अजून नाही मिळालं."

आणि त्यांनी आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतला.

आईला सोडायला मी स्टँडवर गेले. एसटीत चढताना म्हणाली, "उत्तर घावलं की मला पयलं सांगायचं. तुझ्या बापाशी मी बोलते."

तुमच्या आईचा प्रश्न कुणी असा लिहून घेतलाय का कधी?