पाहुण्याला उष्टं नाही

"तुमच्या साळंतून आदी कोन येऊन गेलं? काय काय लिवून नेलं?"

मुळशीची आत्या, म्हणजे माझी सख्खी नव्हे, आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो, प्रत्येक संशोधकाला हा प्रश्न आधी विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे एक अक्षर बोलायची नाही. आमची 'साळा' म्हणजे विद्यापीठातला मानवशास्त्र विभाग. विभागातली पोरं वर्षानुवर्षं 'फील्ड'ला तिच्याच गावात जात आणि तिच्याच ओसरीवर बसत. मी पीएचडीसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा वही उघडून, पेनाचं टोपण काढून तयार होतो. पहिला तासभर तिनेच माझी मुलाखत घेतली. म्हातारीला भारी चौकशा, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. इतकी चुकीची नोंद मी पुन्हा कधी केली नसेल.

तिची दुसरी खोड वाढण्यातली. "पाव्हन्याला शिळं चालंल, उष्टं न्हाई," हे तिचं ब्रीदवाक्य. कालची नाचणीची भाकरी ती बिनदिक्कत समोर ठेवायची. पण एकदा तिच्या लहानग्या नातीने भाताच्या पातेल्यात हात घालून एक घास खाल्ला, तर आत्याने ते पातेलं बाजूला सारलं आणि माझ्यासाठी नव्याने तांदूळ वैरले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी म्हटलं, "आत्या, मला चालेल की." ती म्हणाली, "मला न्हाई चालत." नातीच्या ताटात उरलेलं मात्र ती स्वतः चाटूनपुसून खायची. "घरच्याचं कसलं आलंय उष्टं?"

चौथ्या-पाचव्या खेपेला तिने मला देवाची गोष्ट सांगितली. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा आत्याची सासू दहा-बारा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. घरातलं किडुकमिडुक सगळं वरच्या अंगाला हलवलं, पण देव्हाऱ्यातला देव उचलायला गेले तर तो जड झाला. चार माणसांना हलेना. शेवटी त्याला तिथेच ठेवून सगळे वर आले. आता देव्हाऱ्यात आहे तो नदीतला गोटा. म्हणून घरात गोडधोड झालं की पहिला घास पाण्यात सोडायचा, खालच्या देवाला. हे सांगताना आत्याचा आवाज भरून आला होता आणि माझं पेन थांबलं होतं.

त्या जड झालेल्या देवावर मी अख्खा प्रबंध उभा केला. विस्थापन, स्मृती, श्रद्धा, आणि मला स्वतःला नीट न कळलेलं आणखी बरंच काही. प्रबंध इंग्रजीत होता, गाजला, त्यावर विभागात नोकरी लागली. आत्याला पेढे द्यायला गेलो तर म्हणाली, "देवानं दिलं," आणि पहिला पेढा घेऊन पाण्याकडे गेली.

मग दोन वर्षांपूर्वी मूल्यांकनाची समिती येणार म्हणून विभागाच्या संशोधनाचं आणि यशाचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या डायऱ्या कपाटातून काढल्या. माझ्या कितीतरी आधी गेलेल्या एका मुलीच्या डायरीत आत्या सांगत होती, की देव भाताच्या टोपलीत घालून सासूने डोक्यावरून वर आणला. दुसऱ्या एकाच्या डायरीत देवाला पाळण्यात निजवून आणलं होतं. बाई तीच, सासू तीच, देव तोच. त्या दोघांनी पुढे लिहिलं ते लग्नाच्या गाण्यांवर आणि आहारावर, त्यामुळे या नोंदी कपाटातच पडून राहिल्या होत्या. दोघांचे देव वर आले होते, माझाच तेवढा खाली राहिला होता. मला राग आला की भीती वाटली, हे आजही सांगता येत नाही. आत्या माझ्याशी खोटं बोलली असेल, तर माझ्या नोकरीचं जाऊ द्या, पण तिच्या त्या भरून आलेल्या आवाजाचं काय करायचं?

शनिवारी निघालो. भूगावपासून रिसॉर्टवाल्यांच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. विचारायचं वाक्य वाटेत दहा वेळा बदललं, आणि शेवटी ओसरीवर तोंडातून निघालं ते असं: "आत्या, देव वर आला की नाही?"

डायऱ्यांचं सगळं सांगितलं. ती ओशाळली नाही, हसली.

"त्या पोरीला टोपलीतला दिला. मागनं आला त्याला पाळन्यातला. तू त्येच्या मागनं आलास. त्यांनी खाल्लेलं तुला वाढू व्हय?"

"मग खरी गोष्ट कुठली?"

"समद्या खऱ्याच हायेत. सासूनं आमा तिगी जावांना येकयेक दिली. थोरलीला टोपलीची, मदलीला पाळन्याची. त्या मरताना आपापली माज्याकडं देऊन गेल्या."

"आणि मला दिली ती?"

"ती माजी."

"अगं, पण एकच देव एकाच वेळी वर कसा आला आणि खाली कसा राहिला?"

"ते सासूला इचारायचं. मी न्हाई इचारलं."

मी डोक्याला हात लावला. विचारलं, "तुझी होती तर मला का दिलीस?"

ती म्हणाली, "सून दिसभर रिसॉर्टच्या भटारखान्यात. येती ती दमून. तू सारखा इचारायचास. दिली."

प्रदर्शनात मी तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी लावल्या. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "यातली बरोबर कोणती?" मी म्हटलं, "तिन्ही." तेवढ्यात समिती आली आणि विषय राहून गेला.

गेल्या थंडीत आत्या गेली. तेराव्याला गेलो. माणसं पांगल्यावर तिची सून, सुरेखा, माझं ताट उचलायला आली आणि ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

"सर, आत्यांनी जाताना टोपलीची आनि पाळन्याची सांगितली मला. म्हनल्या, माजी सोताची न्हाई आता, ती मास्तरनं नेली. तुमच्या पुस्तकात हाय म्हनं. पन ते इंग्रजीत हाय."

मला एकदम लख्ख कळलं, की ज्याच्या जिवावर माझं नाव झालं ते या बाईच्या वाट्याचं होतं.

"मला सांगाल?" ती म्हणाली.

"सुरेखाताई, ती आता उष्टी झाली. कितीतरी लोकांनी वाचली."

"तुमी घरचंच की," ती म्हणाली. "घरच्याचं कसलं उष्टं?"

ताट खाली ठेवून, हात पदराला पुसत ती समोर बसली. प्रबंध मला पानन्‌पान पाठ होता, पण मराठीत पहिलं वाक्य सुचेना. आत्या कुठून सुरू करायची, ते आठवू लागलो. आणि मग माझ्याही नकळत मी सुरेखाला विचारलं, "आधी कुणी काय काय सांगितलंय तुम्हाला?"