आमच्या पेवावरची बँक

हे ऐकल्यावर उद्यापासून तुम्ही मला जयंतीची वर्गणीसुद्धा सांभाळायला देणार नाही. तरी सांगतो. तुम्ही चहा घ्या, थंड होतोय.

साल नव्वदच्या आधीचं. आदिलाबादच्या कॉलेजातून अर्थशास्त्रात बी.ए. होऊन मी वांकिडीजवळच्या आमच्या गावी परतलो होतो. वय बावीस, आणि देश सुधारायला उशीर होतोय याची पक्की खात्री. कॉलेजात मी एकच गोष्ट मनापासून शिकलो होतो. आपण बँकेत ठेवलेला पैसा बँकेत नसतो. थोडा हिस्सा राखून बाकीचा ती कर्जाऊ देते. तो पैसा खर्च होऊन फिरत फिरत पुन्हा कुणाच्या तरी खात्यात येतो, त्यातला हिस्सा राखला की उरलेला पुन्हा कर्जाऊ जातो. राखायचा हिस्सा किती, हे वरची रिझर्व्ह बँक ठरवते. तिने तो कमी केला की बाजारात पैसा वाढतो, जास्त केला की आटतो. एका आकड्यावर सगळा देश हलतो, आणि आमच्या गावाला त्याचा पत्ता नाही. मला झोप कशी लागणार?

आमच्या वस्तीचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंडावर फरशी आणि वर माती. सुगीत प्रत्येक घर आपली ज्वारी त्यात टाकायचं. त्या वर्षी चाळीस पोती होती. पेवाचा कारभार माझ्या वडिलांच्या चुलत बहिणीकडे, जनाआत्याकडे. तिला अक्षरओळख नव्हती. कुणाची किती पोती ते तिने भिंतीवर काजळीच्या रेघांनी मांडलेलं असायचं.

"आत्या, ही ज्वारी मेल्यासारखी पडली आहे," मी म्हणालो. "तिला कामाला लावू."

"जवारी काय काम करते, बाबू?"

मी तासभर समजावलं. लोक आपलं धान्य एकाच दिवशी मागत नाहीत. म्हणून चौथा हिस्सा, म्हणजे दहा पोती राखून ठेवायची. उरलेल्या तीस पोत्यांच्या चिठ्ठ्या, पोत्यामागे एक, गरजूंना उसन्या द्यायच्या. त्यांनी चिठ्ठीवर सामान घ्यावं आणि सुगीत ज्वारीने फेडावं. पेव उघडायचीसुद्धा गरज नाही.

"एकदम मांगत नाही, हे तुले कोनं सांगतलं?"

"पुस्तकात आहे."

पुस्तक म्हटल्यावर आत्या गप्प बसली. शिकलेल्या माणसावर आमच्या वस्तीचा फार विश्वास. मी तिचं गप्प बसणं होकार समजलो.

शांताबाई तेवढी अडून बसली. तिची दोन पोती पेवात होती, मजुरीत मिळालेली, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली. "माह्या पोत्याले हात नको लावू, बाबू. वैशाखात लगन हाये. पंगत त्याच्यावरच हाये."

"मावशी, तुमची पोती माझ्या शब्दावर सुरक्षित," मी म्हणालो. शब्द द्यायला मला कधीच अडचण आली नाही.

ज्यांची ज्वारी होती त्यांना पावत्या दिल्या आणि गरजूंना तीस चिठ्ठ्या. चिठ्ठ्या गेल्या गावातल्या एकुलत्या एक दुकानात. दुकानदार नरसय्या. त्याने तेल दिलं, कापड दिलं, कपाशीचं बी दिलं. जमलेल्या तीस चिठ्ठ्या घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्या त्याच्या नावे वहीत जमा केल्या, पुस्तकाप्रमाणे चौथाई राखली आणि बावीस चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या. आता हिशेब करा. पेवात ज्वारी चाळीस पोती, आणि वर हक्क ब्याण्णव पोत्यांचे. एक दाणाही न पेरता मी गावाची संपत्ती दुपटीच्या वर नेली होती. त्या आठवड्यात मी आरशात जरा जास्तच पाहिलं.

मग त्या बावीसही दुकानात येऊ लागल्या आणि नरसय्याने भाव वाढवला. जे एका चिठ्ठीत मिळायचं त्याला दोन मागू लागला.

मी तावातावाने दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "चिट्ठियाँ बहुत हो गए, बाबू. माल तो उतनाच है."

मला राग यायला हवा होता, पण आनंदच झाला. महागाई. हुबेहूब पुस्तकातल्यासारखी. तिच्यावरचा उपायही मला पाठ होता. त्याच संध्याकाळी विहारात सगळ्यांना बोलावून मी गंभीरपणे जाहीर केलं की राखीव हिस्सा आजपासून चौथाईऐवजी निम्मा. नवीन चिठ्ठी कुणालाही नाही. आणि घेतलेल्यांनी जमेल तेवढी लवकर परत करावी.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "काऊन? पेवात जवारी कमी पडून राह्यली काय?"

"अजिबात नाही. ज्याला शंका असेल त्याने उद्या सकाळी यावं. पेव उघडतो. आपली न्यावी."

माझा अंदाज होता, चारपाच जण येतील. त्यांना त्यांची पोती दिली की विश्वास बसेल आणि बाकीचे घरी राहतील. हेही पुस्तकात होतं.

सकाळी पाहतो तर सगळी वस्ती. बैलगाड्या, रिकामी पोती, बायांच्या हातात सुपं. आत्याने फरशी सरकवून दोरीला कंदील बांधून आत सोडला होता, हवा चांगली आहे का ते पाहायला.

"आत्या, सगळेच कसे आले?"

तिने कंदिलावरची नजर काढली नाही. "पेव उघडलं म्हंजे सगळ्याईले त्याच दिवशी न्यावंच लागते. हवा लागली का दाना सडते. तुले मालूम नाही?"

मला माहीत नव्हतं. माझे वडील मास्तर. आमच्या घरी ज्वारी पगारातून यायची. ज्या खड्ड्यावर मी बँक उभी केली, तो उघडताना एकदाही पाहिला नव्हता.

आणि रांगेत पहिला उभा होता नरसय्या. बावन्न पोत्यांचा हक्क आणि तीन गाड्या घेऊन. त्याच्या मागे सगळे, शेवटाकडे शांताबाई. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. नरसय्याचं माप सुरू झालं असतं तर तिच्या वाट्याला तळातला कडबाच आला असता.

आत्या उठली. "ज्यानं टाकली त्याची पयले. रेघा हायेत भिताडावर."

"और मेरा?" नरसय्याने विचारलं.

"ज्याईनं तुह्याकडून माल नेला ते सुगीत देतीन."

"गारंटी कौन देगा?"

मी पुढे झालो. छाती काढून म्हणालो, "मी."

नरसय्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम नहीं, बाबू. आत्या बोले तो ठीक."

आत्या म्हणाली, "मी देतो." संपलं. त्याने तिन्ही गाड्या रिकाम्याच वळवल्या.

दुपारपर्यंत पेव रिकामं झालं. शांताबाईची दोन्ही पोती मी स्वतः पाठीवर घेऊन तिच्या घरी पोचवली. तेवढं तरी करायलाच हवं होतं. ती दारात हिशेब लावत बसली होती. मला पाणी दिलं आणि रीतसर आमंत्रणही दिलं.

"लगनाले ये, बाबू. पन घरून जेवून ये."

"का हो मावशी?"

"दोनशे मानूस येनार हाये. तू म्हनतो सगळे एकदम येत नाही. म्हून सैपाक पन्नासाचाच करून राह्यलो."

लग्नाला गेलो. पंगत दोनशेचीच होती आणि कुणीही उपाशी उठलं नाही. मी मात्र घरून जेवून गेलो होतो.