अंतरपाटामागची गिटार

सर्व नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवावं लागत आहे, की कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती मला दाखवून घेण्याची आमच्या कुटुंबातली पंचवीस वर्षांची प्रथा मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कालवश झाली. तिच्या पश्चात मी, माझी पत्नी विद्या, मुलगी सायली आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी असा परिवार आहे.

ही प्रथा सुरू झाली ती एका माठामुळे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंबरोबर मी माठ आणायला गेलो होतो. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून एका माठावर टिचकी मारली, डोळे मिटले आणि "हा नको" म्हणालो. आम्ही दुसरा घेतला. पहिला घेतला सासूबाईंच्या शेजारणीनं, आणि तो तिसऱ्या दिवशी गळायला लागला. झालं! जावईबापूंचा कान तयार आहे, ही बातमी आठवड्याभरात दोन्हीकडच्या नातेवाइकांत पसरली. तेव्हापासून मिक्सर, गाद्या, नळ, फरशा, मेहुण्याची दुचाकी, सगळ्यांवर मी टिचकी मारत आलो. (फ्रीजवर टिचकी मारून नेमकं काय कळतं, हे मला आजही माहीत नाही. पण डोळे मिटलेल्या माणसाला प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.) निकाल द्यायची माझी रीत सोपी होती. समोरच्या वस्तूंतली सगळ्यात महाग जी असेल तिच्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "पैसे जातील, पण वस्तू राहील."

याच तत्त्वानुसार पन्नाशीला मी स्वतःला एक परदेशी इलेक्ट्रिक गिटार भेट दिली. कॉलेजात असताना एका मित्राच्या गिटारवर मी चार सूर शिकलो होतो, ते अजून चारच होते. पण गिटार अशी झळझळीत, की तिला हात लावणं म्हणजे अपमानच. त्यामुळे तिच्या टणक काळ्या केसमध्ये, मखमलीवर, लाकडाला कीड लागू नये म्हणून चार डांबरगोळ्या आणि पुसायला पिवळं फडकं ठेवून मी ती कपाटावर चढवली. दर वर्षी खंडेनवमीला ती खाली यायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, एक झंकार, आणि पुन्हा वर. सहा वर्षांत ती एकूण सहा वेळा वाजली. तेवढ्यानंही आमच्या घरी दोन दिवस डांबरगोळ्यांचा वास राहायचा. पाहुणे विचारायचे, लोकरीचे कपडे काढलेत का?

विद्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. तिला ती गिटार शिकायची होती. मी म्हणायचो, तुझा हात एकदा बसू दे, मग देतो. ती म्हणायची, हात बसायला आधी गिटार लागते. हा युक्तिवाद आमच्यात साधारण पाच वर्षं चालला आणि प्रत्येक वेळी मी जिंकलो, कारण कपाटावर माझाच हात पोचतो.

मग एक दिवस दारात एक लांबट खोकं आलं. आत गिटार! इलेक्ट्रिक! रंग थेट भरल्या वांग्याचा, आणि किंमत माझ्या गिटारच्या नुसत्या केसपेक्षा कमी. सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे, मला न विचारता मागवलेली! मी तिच्या पाठीवर टिचकी मारली, डोळे मिटले, आणि निकाल दिला की दहा दिवसांत परत करता येतं, ताबडतोब परत कर.

विद्यानं खोकं नीट घडी करून दाराआड ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही खोट दाखवा, मी परत करते. पण नुसती स्वस्त आहे, ही खोट नाही हं."

आता गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि विद्याची शाळा असते बारा ते साडेपाच. म्हणजे खोट शोधायला मला रोज सगळी दुपार मोकळी. पहिल्या दिवशी मी भिंग, टॉर्च आणि पोलादी पट्टी घेऊन बसलो. स्वस्त गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटांना कापतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून देव्हाऱ्यातली एक फुलवात घेऊन मी ती मानेच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत ओढली. म्हटलं, एक तंतू जरी अडकला तरी संपलं हिचं. वात जशीच्या तशी खाली आली. संध्याकाळी विद्यानं तीच देवापुढं लावली.

दुसऱ्या दिवशी पट्टी लावून पाहिली, तर मान सुतासारखी सरळ. आवाजाचं बटण फिरवलं, तर खरखर नाही. खुंट्या पिळून साडेबाराला सूर लावला आणि मुद्दाम चार वाजता पुन्हा तपासला, तर सहाही तारा जागच्या जागी! (माझी परदेशी गिटार खंडेनवमीची आरती संपायच्या आत उतरायची.) मला मनस्वी राग आला. एवढ्याशा किमतीत एवढं नीट काम करायचा त्या कारखान्याला अधिकारच काय?

तिसऱ्या दिवशी मी सायलीचा कॉलेजातला छोटा अँप्लिफायर जोडला. विजेत दोष असेल तर तो यातच सापडणार. आणि तिनं असा काही गोड, भरदार सूर दिला, की मी भिंग कुठं ठेवलं ते विसरलो. ते अजून सापडलेलं नाही.

चौथ्या दिवसापासून मी खोट शोधणं थांबवलं आणि नुसता वाजवत सुटलो! चार सुरांचे सात झाले, सातांचे नऊ. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. ते विद्यापासून लपवायला मी जेवताना भाताचे मोठे घास घ्यायला लागलो. आणि पुरावा राहू नये म्हणून रोज पाच वाजता कपाटावरच्या केसमधलं ते पिवळं फडकं काढून वांगी गिटार खालपासून वरपर्यंत चोळून पुसायचो. एक ठसा राहू द्यायचो नाही. गुन्हेगार कसा असावा, याचा वस्तुपाठच!

सहाव्या दिवशी जिन्यात शेजारचे कानिटकर भेटले. त्यांची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. त्यांनी चौकशी केली, वहिनींच्या शाळेला सुट्टी आहे का? मी म्हटलं, नाही बुवा.

"मग दुपारी तुमच्याकडे चोर शिरतो," कानिटकर म्हणाले. "काही नेत नाही, वाजवून जातो. रोज थोडा सुधारतोय, म्हणून मी पोलिसांत गेलो नाही."

मी त्यांना तिथंच, जिन्यात, शपथ घातली. त्यांनी ती घेतली, पण ज्या चेहऱ्यानं घेतली तो मला आवडला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या वेळी विद्यानं विचारलं, खोट सापडली का? सोमवारी मुदत संपतेय, खोकं बांधायचं, का गिटार ठेवायची? विचारताना तिचा हात गिटारच्या मानेवर होता, आणि आवाज नेहमीचा नव्हता. आठ दिवस शाळेतून आल्यावर, भाजी टाकायच्या आधी, ती अर्धा तास वाजवत होती. एक अख्खं गाणं तिला येऊ लागलं होतं. मी नुसतं "नाही सापडली" म्हणायचं होतं. दोन शब्द! पण पंचवीस वर्षांच्या टिचक्या माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आवाजात दम नाही. बाकी ठीक आहे, पण माझ्या कानाला फरक कळतो. डोळे मिटून सांगेन, माझी कोणती आणि ही कोणती."

सायलीनं हातातला मोबाइल खाली ठेवला. चोविसाव्या वर्षी मुली बापाकडं इतक्या प्रेमानं पाहतात, तेव्हा सावध व्हावं. मी झालो नाही. ती म्हणाली, "डन, बाबा. रविवारी टेस्ट."

अटी ठरल्या. मी बरोबर ओळखलं, तर सोमवारी वांगी गिटार परत जाणार. मी चुकलो, तर ती राहणार, माझी गिटार केसमधून कायमची बाहेर येणार आणि ज्याला वाटेल तो ती वाजवणार. शिवाय विद्यानं एक कलम वाढवलं: यापुढं घरात कुणीही काहीही तुम्हाला न विचारता घेणार. मी मान डोलावली. मनातून मात्र माझी पंचाईत झाली होती. हरलो तर अब्रू जाणार, आणि जिंकलो तर दुपारी काय वाजवणार?

माझी गिटार केसमधून काढून नीट पाहिली, तर तारांवर लाल गंज. तिसरी तार नुसत्या हातानंच तुटली. शनिवारी सायली ती गिटार शनिवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेली आणि संध्याकाळी आणली ती थेट तिच्या खोलीत. मला दारातूनच बातमी मिळाली की सगळ्या तारा नव्या घातल्यात, त्यानं लिंबाच्या तेलानं पुसून लखलखीत करून दिलीय, आणि काका ही वापरतात का ठेवतात, असं विचारत होता. मी फक्त तारांवर अडकलो. नव्या तारा म्हणजे नवा आवाज. म्हणजे सहा वर्षांच्या सहा झंकारांचा माझा अभ्यास पाण्यात!

रविवारी सकाळी पडदा म्हणून कानिटकरांनी त्यांच्या मुलीच्या लग्नातला अंतरपाट आणला. मे महिन्यातच लग्न झालं होतं, कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं. मला पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसवण्यात आलं. (पूर्वेची कल्पना कानिटकर वहिनींची.) पलीकडं दुसऱ्या पाटावर सायली, दोन्ही गिटारी आणि अँप्लिफायर. मधे अंतरपाट. एक टोक कानिटकरांच्या हातात, दुसरं वहिनींच्या. विद्या कडेला उभी होती, हाताची घडी घालून. मंगलाष्टकं म्हणायची का, असं कानिटकरांनी विचारलं. मी सोडून कुणीच गंभीर नव्हतं.

सायलीनं "एक नंबर" म्हणून पाच-सहा सूर वाजवले. मग "दोन नंबर" म्हणून तेच सूर. मी डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, डोळे मिटून खरोखर ऐकलं. एक नंबर गोड होता. जुन्या ओळखीचा वाटत होता. दोन नंबर स्वच्छ, खणखणीत, पण परका. आता यातली माझी कोणती? मी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा. आणखी एकदा. कपाळावर घाम आला.

"अहो, माठ घ्यायला बसलाय का?" कानिटकर म्हणाले. "हात भरून आला माझा."

माझा घाम पाहून विद्यानं पंख्याचा वेग वाढवला, आणि त्याच क्षणी देव पावला! सायली एक नंबर वाजवत होती, अंतरपाट हलला, आणि त्याच्या कडेनं एक झुळूक माझ्या नाकापर्यंत आली. डांबरगोळी! तीच ती, सहा खंडेनवम्यांची, कपाटावरची! मी दोन नंबर मागवला आणि खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा एक नंबर. डांबरगोळी! इतका निःसंशय पुरावा जगात कुठल्या न्यायाधीशाला मिळाला असेल?

मग मात्र मी सुटलो. पाटावर ताठ बसलो आणि एक नंबरवर भाषणच केलं. म्हटलं, याला म्हणतात सूर. याच्यामागं मुरलेलं लाकूड आहे, कारागिराची तपश्चर्या आहे. हा आवाज बाजारात स्वस्तात मिळत नाही, मिळणारही नाही. दोन नंबरही बरा आहे, पण त्यात तो जीव नाही. कुठंतरी काटकसर ऐकू येते. आणि शेवटी हात वर करून, दुसऱ्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात, जाहीर केलं, "एक नंबर! ही माझी! मरेन तेव्हाही ओळखेन!"

विद्यानं एकदाच विचारलं, "नक्की? बदलायचं नाही ना?"

नक्की म्हणजे नक्की! कानिटकरांनी "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट खाली आला.

सायलीच्या मांडीवर भरलं वांगं होतं.

विद्यानं पुढं होऊन गिटार लेकीच्या हातून घेतली आणि पोटाशी धरली. ती हसत होती, पण डोळे पाणावले होते. कानिटकर अंतरपाटाची घडी घालत भिंतीकडं बघत होते. या क्षणी शहाण्या माणसानं हार मानावी, बायकोचं अभिनंदन करावं, आणि एवढ्या स्वस्तात एवढी उत्तम गिटार मिळते हे मोठ्या मनानं कबूल करावं. निदान गप्प तरी बसावं. पण मी माझ्या कानाची कीर्ती वाचवायला पाटावरून ताडकन उठलो, आणि चार माणसांच्या देखत ओरडलो,

"शक्यच नाही! डांबरगोळ्यांचा वास तर हिलाच येत होता!"