हद्दीच्या दगडापाशी

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून पिंगळीला आलो, रुळाच्या कामावर, रोजंदारीनं. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चाललेले दिवस. परभणीची एसटी नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा एका थंडीतल्या सकाळी रुळाकडेला एक अनोळखी म्हातारा मरून पडलेला सापडला. अंगावर जखम नव्हती. रेल्वेच्या हद्दीचा दगड नेमका त्याच्या कमरेपाशी. डोकं रुळाकडे, पाय पलीकडे ज्वारीच्या रानात.

मुकादम मला म्हणाला, "तू राखण बस. कुणी हात लावायचा नाही. आज ताब्यात घेतला नाही कुणी, तर रात्रीही तूच."

रात्र म्हटल्यावर मला आधी कोल्हे आठवले.

रेल्वेचे साहेब आले. दगड बघून म्हणाले, "पाय बाहेर आहेत. हे राज्याकडं जातं."

गावचे पोलीस पाटील हसले. "आन् डोस्कं दिल्लीचं हाय की, साहेब! मानूस डोस्क्यावरून वळखायचा का पायावरून?"

"ठाण्याला कळवा तुमच्या."

"ठान्यात हाय कोन? समदे परभनीला बंदोबस्ताला गेलेत."

दोघं आपापल्या वरच्यांना विचारायला गेले. उरलो मी आणि तो. त्याचे कोरडे, भेगाळलेले तळवे बसल्या जागेवरून दिसत होते. मला सारखं वाटायचं, उद्या मी असा पडलो तर? मला तर दगडाच्या कुठल्याच बाजूला कुणी ओळखत नव्हतं.

ऊन चढल्यावर मेंढरं घेऊन एक धनगर बाई आली. मेंढरं दगडापर्यंत आली आणि थांबली. हाकलली तरी हलेनात.

"कुठला रं तू?"

"कोकणातला, मावशी."

"आन् ह्यो?"

"माहीत नाही."

तिनं भाकरीचा एक तुकडा त्याच्या उशाशी ठेवला, उरलेली माझ्या हातात दिली. "खा. उपाशी मान्साजवळ उपाशी बसू न्हाई."

त्या मुलखात मला न मागता मिळालेली ती पहिली भाकरी. चव अजून आठवते.

बाई गेली. दुपारी रानात पाटाचं पाणी फिरू लागलं. पाणी देणारा मात्र दिसला नाही. मी स्टेशनच्या नळावर पाणी प्यायला गेलो आणि आलो, तर म्हाताऱ्याचे पाय दगडाच्या अलीकडे, रुळाच्या बाजूला होते. लहान मूल झोपतं तसे गुडघे पोटाशी. पलीकडच्या ओल्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

साहेब परतले. आधी दगडाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "हलवलास?"

"आईशप्पथ नाही, साहेब."

पाटील हळूच म्हणाले, "म्हाताऱ्यानं सोताच निकाल लावला जनू."

दिवस कलताना रेल्वे पोलिसांचे जमादार आले. सगळं ऐकून वैतागले. "अहो, रेल्वे दिल्लीची, पण आमी रेल्वे पोलीस राज्याचेच. पाय इकडं काय, तिकडं काय! पोलीस एकाच सरकारचा. दिवसभर कशाला तंगवला त्याला?"



पंचनामा झाल्यावर जमादारांनी विचारलं, "ह्याच्या बाजूनं कोन हाय? खांदा द्यायला?"

"मी आहे," मी म्हणालो. पायाकडून धरायला मीच वाकलो. सकाळी कोरडे असलेले तळवे ओल्या काळ्या मातीनं भरले होते. डोक्याचं फडकं सोडून मी ते पुसले, पाय उचलले आणि चालू लागलो.