दादांचं दुसरं उत्तर

गजूदादा नव्या माणसाला पहिल्या दिवशी डंबेलला हात लावू देत नसत. कितीही छाती फुगवून आलेला असो, त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर, त्याच्याहून खाली. "वरून इचारला की मानूस खोटा बोलतो," म्हणायचे. आपण व्यायामाला आलोय की मुलाखतीला, असं पोरं पुटपुटायची. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

धामणकर नाक्याजवळ कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची जिम. सकाळची बायकांची बॅच माझी, बाकी सगळं दादांचं. या कामातलं मला जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं. आणि त्यांनाच एक प्रश्न मी धड विचारला नाही, म्हणून आज त्यांच्याबद्दल 'होते' असं लिहायची वेळ आलीय. हे आधीच सांगून टाकते. लपवून आता काय करायचंय?

तरुणपणी दादा राहनाळच्या गोदामात गोण्या उचलायचे. तिथून थेट एका व्यायामशाळेत गेले, तर तिथल्या मास्तराने आल्या आल्या खांद्यावर वजन दिलं. कंबर आधीच गेलेली होती. दोन महिने अंथरुणावर काढले. "येका शब्दानं कुनी इचारला न्हाय माना," हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चढायचा.

फॉर्मवर 'काही आजार आहे का' असा रकाना होता. सगळे 'नाही' लिहायचे. दादा तो कागद बाजूला ठेवायचे. "फॉर्मवर सगला गाव ठणठणीत हाय," म्हणायचे आणि भलतंच विचारायला लागायचे. जिना चढताना कुठे थांबलास? रात्री उशा किती घेतोस? मग जमिनीवर मांडी घालून बसायला आणि हात न टेकता उठायला सांगायचे. माणूस तोंडाने काहीही बोलू दे, ते त्याचा हात कुठे जातो ते बघायचे. कापडाच्या यंत्रमागावर, लूमवर, बारा तासांची शिफ्ट करणारा सलीम असाच बसला होता. दादांनी हिंदीत विचारलं, रात को पानी पीने कितनी बार उठता है? तो आधी हसला, मग म्हणाला, पाँच-छह बार. त्याला व्यायामाआधी डॉक्टरकडे पाठवलं. साखर भरमसाठ निघाली.

माझी खोड वेगळी. मला बोलायला फार लागतं. एकदा बॅचमधली एक बाई उठाबशा काढता काढता चक्कर येऊन पडली. तिला कडक उपास होता. मी दादांना तावातावाने सांगितलं, मी विचारलं होतं हो, खाऊन आलात ना? ती हो म्हणाली, यात माझं काय चुकलं? दादांनी तिला लिंबूपाणी दिलं, घरी सोडायची व्यवस्था केली आणि मग मला बुटक्या स्टुलावर बसवलं.

"सुनीता, खाल्लास ना, बरा हाय ना, असं इचारायचा न्हाय. उत्तर तूच तिच्या तोंडात घालतेस. इचारायचा आणि आपला तोंड बंद ठेवायचा. पयला उत्तर लाजंचा, दुसरा खरा."

हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. अक्षर सुद्धा छान काढलंय, बघा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी दादा जिन्यात थांबायला लागले. मधल्या वळणावर उभे राहून मोबाईल बघायचे. बुटाच्या नाड्या सैल सोडायला लागले. एके दिवशी त्यांच्या हातून किल्ल्या पडल्या. खाली बसून उचलल्या, पण उठताना एक हात गुडघ्यावर गेला आणि दुसरा जमिनीवर टेकला. ज्यांनी मला हे बघायला शिकवलं, त्यांचाच हात मी बघत होते. पण गुरूला खुर्चीवर कोण बसवणार? त्यांना प्रश्न विचारणारी मी कोण?

मी म्हटलं, "दादा, बरं आहे ना?"

"माना काय धाड भरलीय," ते म्हणाले.

मी हसले, आणि लगेच बॅचच्या वेळा बदलायचं बोलायला लागले. दादा जिन्याचा कठडा धरून तसेच उभे होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मी बोलतच राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि खाली उतरले.

पंधरा दिवसांनी ते त्याच वळणावर कोसळले. मी आणि सलीमने त्यांना रिक्षात घातलं. नाक्यावर ट्रॅफिक तुंबलेलं. सलीम उतरून पुढे धावत होता, ओरडून टेम्पो बाजूला घ्यायला लावत होता. दादांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी वेड्यासारखी विचारत होते, दादा, कुठे दुखतंय, सांगा ना, दादा. आता सांगायला त्यांच्याकडे श्वास नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? झोपताना त्रास होतो? पायाला सूज? सात वर्षं रोज शेजारी उभी राहणारी मी, एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. काही आजार, असं विचारल्यावर मी 'नाही' म्हटलं.

दादा गेले. वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, तोवर पोचल्या होत्या. आडवं झालं की दम लागायचा म्हणून तीन महिने ते भिंतीला टेकून बसूनच झोपत होते, असं त्यांच्याकडून कळलं. त्या मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माना वाटला तुमाला सांगितला आसंल. तुमी तिथं सगल्यांना इचारताव ना?"

आता बुटक्या स्टुलावर मी बसते. समोर नवी बाई असते. मी विचारते आणि तोंड बंद ठेवते. ती पहिलं उत्तर देते, मी हलत नाही. मग ती खरं बोलायला लागते, आणि मला दादा दिसतात, कठडा धरून, तोंड उघडून उभे. आणि मी तिथे अजून बोलतच असते.