साहेबांची गोड पत्रं

गोड भाषा ऐकली की मला आता किळस येते. त्याला कारण जयदेवकाका. बदलापुरात कात्रपला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते मालकाचे स्टेनो होते.

मालकाचं तोंड म्हणजे उघडं गटार. तो पान चघळत, पचापचा थुंकत डिक्टेशन द्यायचा. शॉर्टहँडमध्ये कानावर पडेल तो आवाज उतरतो, त्यामुळे आईबहिणीवरच्या शिव्याही काकांच्या बारीक-जाड रेघांत बिनचूक उतरायच्या. "कानातून थेट बोटात, मध्ये डोकं आणायचं नाही," असं ते अभिमानाने सांगायचे. टाइप करताना मात्र डोकं चालायचं. 'त्या हलकटाला सांग'चं 'आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो' व्हायचं. मालक न वाचता सही ठोकायचा.

गेल्या महिन्यात मालकाची पंचाहत्तरी झाली. मुलांनी त्याच्या पत्रांचं गुळगुळीत पुस्तक काढलं. अंबरनाथच्या हॉलमध्ये वक्ते 'संवेदनशील मन' वगैरे बरळत होते. काकांसोबत मीही गेले होते.

मग बदलापूर गावातल्या वेणूबाईंना बोलावलं. त्यांचा नवरा बाळाजी याच कारखान्यात टाकी फुटून गेला होता.

"आमचं मानूस गेलं तवा सायबांनी पत्र लिवलं, तुमचं दुःख ते माझं दुःख," त्या माइकवर म्हणाल्या. "मंग मी वकिलाला माघारी धाडला. असल्या मानसावर केस कशी करायची?"

आणि त्या मालकाच्या पाया पडल्या. तो दातातली सुपारी कोरत बसला होता. शी!

काकांनी वेणूबाईंना जिन्यात गाठलं. मी जाऊ द्या म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

"वहिनी, ते शब्द माझे. साहेब म्हणाले होते, दारू पिऊन मेला असेल साला. बायकोला काहीतरी खरडून पाठव, बोंबलत यायला नको."

वेणूबाईंनी विचारलं, "तुमाला तवाच ठाव होतं?"

"हो."

"त्यानं बोललेलं तसंच धाडलं असतं, तर मी कोर्टात गेले असते."

भेट मिळालेलं पुस्तक त्यांनी काकांच्या हातात कोंबलं आणि त्या निघून गेल्या. काकांनी आधारासाठी माझ्या खांद्याकडे हात नेला. मी एक पायरी खाली सरकले.